चिंध्यांचा कोट घेऊन व्हँकुव्हरला

आधी पुष्पाताईंचं नाव घेते, मग बाकीचं. पुष्पाताई नसत्या तर हा प्रवास झालाच नसता. प्रवास चालू असताना दोन-तीनदा मनात आलं, की नसता झाला तर बरं झालं असतं. पण तो दोष पुष्पाताईंचा नाही.

पुष्पाताई मूळच्या नागपूरच्या. रेजिनाला विद्यापीठाच्या हिशेब खात्यात आहेत. माझी-त्यांची गाठ तिकडे लांब पूर्वेला, व्हिटबी गावात पडली. एका पुण्याच्या कुटुंबातल्या आजींना सांभाळायला मी सोलापूरहून तिथे आले होते. आजी वारल्या आणि घरच्यांनी अगदी गोड बोलून खोली रिकामी करायला सांगितली. त्याच आठवड्यात भीमजयंतीचा कार्यक्रम होता, त्याला पुष्पाताई रेजिनाहून आल्या होत्या. मी तिथे स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते आणि लाटता लाटता रडत होते. पुष्पाताई पाणी प्यायला आत आल्या. "पुऱ्या खारट होतील बाई," म्हणाल्या. मग स्टुलावर बसून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रेजिनाला चल. थंडी मरणाची आहे, पण माझं बेसमेंट रिकामं आहे."

मी आठवीत शाळा सोडली आणि सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात बसले. शाळेत जायचं सुटलं, शाळेचे कपडे काही सुटले नाहीत. हात चांगला बसला. रेजिनाला विद्यापीठाच्या नाटक विभागात कपडेपट आहे, तिथे शिवणाऱ्या बाईची जागा निघणार होती, आणि ती कोणाला द्यायची हे तिथे गाणं शिकवणाऱ्या ग्वेन नावाच्या बाईंच्या शब्दावर होतं. ते काम पक्कं झालं तर माझे इथले कागद पुढे सरकणार. कागद सरकले तर माझी प्राजक्ता इथे येणार. ती दहावीला आहे, सोलापुरात माझ्या आईपाशी. म्हणजे बघा, सगळी उतरंड एका ग्वेनबाईंच्या मर्जीवर उभी.

या ग्वेनची गाणाऱ्यांची छोटी टोळी आहे. ऑक्टोबर सरताना त्यांचा व्हँकुव्हरला कार्यक्रम होता आणि त्यांची नेहमीची शिवणारी बाई बाळंतपणाला गेलेली. पुष्पाताईंनी माझं नाव पुढे केलं. "चार दिवस तिच्या डोळ्यांसमोर राहा. हाताचं काम दिसू दे. तोंड जरा कमी उघड." आणि निघताना अंगातला आपला जाड कोट काढून मला घातला, कारण माझा कोट त्यांच्या मते मच्छरदाणी होता. स्वतः मुलाचा जुना कोट घेतला. त्याच्या बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या. त्यांनी त्या दुमडल्या, परत दुमडल्या. मुलगा जिन्यावरून म्हणाला, "मॉम, यू लुक लाइक अ टेंट."

"तंबू तर तंबू," पुष्पाताई म्हणाल्या, "ऊब आहे ना."

रेजिना ते कॅल्गरी

गाडीत आम्ही चौघं. ग्वेन साठीची, उंच, पांढऱ्या केसांची जाड वेणी, इंग्लंडच्या पश्चिम टोकाकडच्या खेड्यातून तरुणपणी इकडे आलेली. डग गाडी चालवणार आणि ढोल वाजवणार. तो इथल्याच गव्हाच्या शेतावर वाढलेला, हात माझ्या डोक्याएवढे. आणि नचिकेत, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. तो या टोळीत पेटी वाजवतो. आपलीच पेटी, भजनातली. पण वाजवतो म्हणजे काय, एक सूर दाबून धरतो आणि भाता हलवत राहतो. मूज जॉ नावाचं गाव आलं, गेलं, सूर तोच. मला वाटलं पेटी बिघडली आहे.

हे संगीत काय असतं ते इथे सांगून टाकते, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. त्याला 'डार्क फोक' म्हणतात. इंग्लंड-स्कॉटलंडकडची खेड्यातली जुनी गाणी घ्यायची, सावकाश करायची, खाली पेटीचा सूर धरायचा, वर ढोल असा वाजवायचा की मयत निघाली आहे. गाण्यांत पोरी मरतात. नदीवर गेली, बुडाली. बहिणीने बहिणीला ढकललं. शिंगवाल्या माणसाबरोबर रानात गेली, परत आली तर केस पांढरे. एका गाण्यात बाई रात्री ससा होते, शिकारी त्या सशाच्या पायाला मारतो आणि सकाळी गावातली एक बाई लंगडताना दिसते. हे मात्र मला आवडलं होतं, पण तेही ग्वेनने इतकं लांबवलं की ससा म्हातारा होऊन मेला असता.

नचिकेत मागे वळून मला समजावत होता. "मावशी, हे सगळं ख्रिश्चन होण्याच्या आधीचं आहे. झाडांचे देव, शिंगांचा देव. पीक कापलं की शेवटच्या पेंढीत पिकाचा जीव राहतो, म्हणून तिची बाहुली करून घरात टांगायची. हजारो वर्षांची मेमरी आहे ही."

"मग कार्यक्रम चर्चमध्ये कसा?" मी विचारलं. व्हँकुव्हरचा कार्यक्रम एका जुन्या चर्चमध्ये होता.

"ते आता चर्च नाहीये. व्हेन्यू आहे."

या 'मावशी'बद्दलही सांगते. नचिकेत माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल. पुण्याकडे मावशी दोन असतात, एक आईची बहीण आणि एक भांडी घासायला येणारी. मी त्याच्या आईची बहीण नाही. पण पुष्पाताईंनी तोंड कमी उघडायला सांगितलं होतं, म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर काही नव्हतं. सस्कॅचेवानात खरंच काही नसतं, कापलेला गहू आणि आभाळ. मध्येच हजारो पाणबदकं उठायची आणि दक्षिणेकडे निघायची. त्यांचं पटत होतं मला.

मूज जॉच्या पुढे तो परत वळला. "मावशी, तुम्ही सोलापूरच्या ना? मग तुम्ही पोतराज बघितला असेल. सेम कन्सेप्ट. चिंध्यांचा घागरा, आसूड, ढोलकं. काय रॉ एनर्जी असते यार. आपण हे सगळं फेकून दिलं आणि हे लोक बघा, जपतायत."

मी पुष्पाताईंच्या कोटाची बटणं लावली. नंतर काढली. माझे आजोबा पोतराज होते. हे मी त्याला सांगितलं नाही.

दुपारी पेट्रोलपंपाशेजारच्या हॉटेलात थांबलो. डगने बटाटा भरलेल्या करंज्यांसारखं काही मागवलं, उकडलेल्या, वर कांदा आणि आंबट मलई. त्याला पेरोगी म्हणतात. त्याची आजी युक्रेनची, ती करायची. चांगल्या होत्या, तिखट सोडून सगळं होतं. मी डब्यातली शेंगाची चटणी काढली आणि बरोबर कडक भाकरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी वाळवलेली असते, महिनाभर टिकते. मी परतीपर्यंत पुरेल अशी चळत आणली होती. डगने एक तुकडा मोडला, चटणीत बुडवला, डोळ्यांत पाणी आलं, आणि गाडीत बसल्यावर चळत त्याच्या मांडीवर गेली. एका हाताने स्टिअरिंग, एका हाताने कडकड. कॅल्गरी येईतो डबा रिकामा. "सॉरी," तो म्हणाला, "मला वाटलं स्नॅक आहे."

त्याआधी आणखी एक झालं. ग्वेनने मला गायला सांगितलं. "तुझ्याकडचं काहीतरी जुनं. डार्क." मी नाही नाही म्हणत होते, पण जागा तिच्या हातात, म्हणून एक भीमगीत म्हटलं. टाळ्यांच्या तालावरचं, आमच्या गल्लीत लग्नातसुद्धा वाजतं. डगने स्टिअरिंगवर ताल धरला. नचिकेतने पेटीचा तो एक सूर लावला, तो मध्ये मध्ये आडवा येत होता.

संपल्यावर ग्वेनने विचारलं, "कशाबद्दल आहे?"

"तळ्याबद्दल," मी माझ्या इंग्रजीत सांगितलं.

"कोणी बुडतं?"

"नाही. पाणी मिळतं."

मग डग म्हणाला, "नाइस."

गोल्डन

दुसऱ्या दिवशी डोंगर लागले. त्यांचं वर्णन कॅलेंडरवाले करतात त्याहून मला जास्त जमणार नाही. मान मागे टाकून बघायचे आणि मान दुखते. मला आवडले, पण मनात सारखं, बर्फासाठीचे विंटर टायर बरोबर बसवलेत ना. डगला मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तू उतरून बघ." मी उतरून बघितले. बसवलेले होते.

गोल्डन नावाच्या गावात रस्ता बंद. पुढच्या घाटात बर्फ पडलं होतं आणि एक ट्रक आडवा झाला होता. कधी उघडेल कोणाला माहीत नाही. मोटेलमध्ये दोन खोल्या घेतल्या, एक बायकांची, एक पुरुषांची. तो दिवस गेला. दुसरा उजाडला, रस्ता बंदच. ग्वेन म्हणाली आपण गावातल्या हॉलमध्ये रियाज करू. मला म्हणाली, "तोवर तू कोट बघशील?"

आणि पेटाऱ्यातून कोट काढला.

काय सांगू. काळा, जुना, जड कोट, आणि वरून खालपर्यंत चिंध्या. तपकिरी, राखी, विटका लाल, कुठे पोत्याचा तुकडा, कुठे पडद्याचा. प्रत्येक चिंधी वरच्या टोकाला टाचलेली आणि खाली सुटी. ग्वेनच्या आजोबांचा. ते हिवाळ्यात हा घालून नाचायचे, ग्वेन शेवटच्या गाण्याला घालते. वास कापूर आणि धुराचा. मी तो हातात घेतला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. वाईट अर्थाने.

"सगळं सुटत चाललंय," ग्वेन म्हणाली. "पक्कं करून टाक. तुझा हात चांगला आहे."

ती गेली. मी माझं छोटं मशीन टेबलावर मांडलं. कारखान्यात आमच्या सुपरवायझर बाई म्हणायच्या, सुटा धागा म्हणजे माल परत. लोंबणारं काही दिसलं की माझे हात थांबत नाहीत, इतकी वर्षं तेच केलंय. आणि दिवस पूर्ण मोकळा. बाहेर बर्फ, आत हीटर, अडवायला कोणी नाही. मी एकेक चिंधी सरळ केली, इस्त्री फिरवली, शेजारच्या चिंधीच्या कडेला कड लावली आणि खाली दाबून शिवली. डबल शिलाई. रंगाशी रंग बघून धागा बदलला. पाठ झाली, पुढचं झालं, बाह्या झाल्या. दुपारी जेवायचंही विसरले. कोट हँगरला लावला तेव्हा मी चार पावलं मागे जाऊन बघितला. वाकळ कशी सपाट दिसते, तसा. एक टोक लोंबत नव्हतं. मला वाटलं, कपडेपट मिळाला. प्राजक्ताचं विमानसुद्धा दिसलं मला.

संध्याकाळी तिघं परत आली. ग्वेन कोटासमोर उभी राहिली. बाहीवरून हात फिरवला. पाठीवरून फिरवला. मग म्हणाली, "व्हेरी नीट."

आणि टोपी घालून परत बाहेर गेली, बर्फात.

इंग्रज माणूस ओरडला असता तर बरं. आपल्याकडे कोणी चिडलं तर भिंतीला कळतं. इथे तुम्हाला शोधून काढावं लागतं.

"मावशी," नचिकेत कपाळाला हात लावून म्हणाला, "काय केलंत हे?"

"पक्कं केलं. तिनेच सांगितलं."

"अहो, टाचण पक्कं करायचं होतं. चिंध्या उडायला हव्यात. ती गोल फिरते, सगळ्या चिंध्या उडतात, माणूस दिसेनासा होतो, झुडूप फिरल्यासारखं दिसतं. तेच तर आहे सगळं. उद्या शो आहे."

डग कोटाची शिलाई जवळून बघत होता. "हे वादळात पण निघणार नाही," तो म्हणाला. कौतुकाने म्हणाला, हेच जास्त लागलं.

मी पुष्पाताईंना फोन लावला. हे सांगायलाच लावला, पण त्या कौतुकाने विचारायला लागल्या, डोंगर कसे आहेत, कोट पुरतो ना. मी म्हटलं, पुरतो. आणि ठेवला.

घाटातून खाली

सकाळी रस्ता उघडला. व्हँकुव्हर दिवसभराच्या अंतरावर आणि कार्यक्रम त्याच संध्याकाळी. ग्वेन माझ्याशेजारी मागच्या सीटवर येऊन बसली, कोट दोघींच्या मांडीवर पसरला आणि हातात कात्री घेऊन म्हणाली, "शो मी."

मग आम्ही उसवत निघालो. मी कारखान्यात वाकडी शिलाई घातली असती तर सरसर उसवली असती. पण ही डबल, बारीक, चांगल्या धाग्याची. माझीच शिलाई माझ्या हातांनी सुटेना. घाट, वळणं, बोगदे, खाली काळी नदी, आणि मला गाडीत सुई-कात्रीकडे बघितलं की मळमळतं. दोनदा गाडी थांबवावी लागली. एकदा मी उतरले, एकदा नचिकेत, तो नुसतं बघून.

ग्वेन एकेक टाका कापत होती. तोंड कमी उघड, पुष्पाताईंचं वाक्य मी मनात घोकत होते. शेवटी मला राहवेना. मी नचिकेतला मराठीत म्हटलं, "तिला सांग, मी खोडी म्हणून केलं नाही. आणि का केलं तेही सांग. माझे आजोबा पोतराज होते."

नचिकेत वळला.

"बार्शीकडच्या गावात. कमरेला चिंध्या, अंगावर आसूड ओढायचा, रक्त काढायचं, मग लोक पसाभर ज्वारी घालायचे. रॉ एनर्जी तीच. आजी पुढे, डोक्यावर मरीआईचा देव्हारा, हातात ढोलकं. बाबासाहेबांनी धम्म दिला तेव्हा आजोबांनी जटा कापल्या, आसूड विहिरीत टाकला. घागरा जाळणार होते. आजीने जाळू दिला नाही, घरात पांघरायला नव्हतं. तिने त्या चिंध्या सरळ करून, दाबून शिवून वाकळ केली. त्या वाकळीवर मी झोपले आहे. आमच्या घरात सुटी चिंधी कोणी ठेवत नाही. सांग तिला."

त्याने सांगितलं. मला इंग्रजी समजतं, बोलताना जीभ अडते, त्यामुळे मी ऐकत होते. त्याने एक शब्द गाळला नाही. 'रॉ एनर्जी तीच' हेसुद्धा सांगितलं, आणि ते आपण म्हटलं होतं हेही सांगितलं. नंतर पुढे तोंड करून बसला. त्याचे कान लाल झाले होते.

ग्वेन एक टाका कापून थांबली. मग बोलायला लागली, कोटाकडे बघतच. तिचे आजोबा शेतमजूर. हिवाळ्यात जमीन गोठायची, काम बंद. भीक मागायला बंदी होती. मग चार-पाच मजूर मिळून असे कोट घालायचे, तोंडाला काजळी फासायचे आणि मालकांच्या दारोदार नाचायचे. नाचाबद्दल मिळालं तर ती भीक नाही. आणि तोंड रंगवायचं कारण मालकाने ओळखलं तर वसंतात तो कामावर घ्यायचा नाही.

"आणि ते झाडाचे देव? हजारो वर्षं?" मी विचारलं.

"कोणालाच नक्की माहीत नाही," ग्वेन म्हणाली. "गाण्यांत आहेत. आजोबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, भूक लागायला लागल्यापासूनचं."

डग हसला. नचिकेतने खिडकी थोडी खाली केली.

"माझी आई हा कोट जाळणार होती," ग्वेन म्हणाली. "तिला लाज वाटायची. मी लपवून इकडे आणला."

"मग आईचं का नाही ऐकलं?" हे मी थेट इंग्रजीत विचारलं.

तिने विचार केला. "आजोबांना नाचावं लागायचं. मला नाचायचं होतं."

हे बरोबर आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण निदान खरं होतं. मीही मग एक खरं बोलून टाकलं, कारण ते नंतर बोलण्यापेक्षा तेव्हाच बोललेलं बरं. पुढच्या वर्षी टोळीसाठी असे नवे कोट शिवायचे आहेत असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती. मी म्हटलं, "फाटलेलं मी शिवीन. जुनं सांभाळीन. पण नव्या कापडाच्या चिंध्या करून कोट शिवायला सांगू नका. ते माझ्या हाताने होणार नाही."

बोलून झालं आणि मला घाम फुटला. पुष्पाताईंच्या कोटात. मनात म्हटलं, गेला कपडेपट, गेलं विमान. ग्वेनने फक्त मान हलवली आणि म्हणाली, "दुसरी बाही दे इकडे."

चर्चमध्ये

व्हँकुव्हरला पोचलो तेव्हा पाऊस. तिथे तो पडतो म्हणत नाहीत, तो असतोच. कोटाचा पुढचा भाग आणि बाह्या सुटल्या होत्या. पाठ तशीच, सपाट, माझी. वेळ संपला होता.

लोक आले ते बघण्यासारखे. सगळे काळ्या कपड्यांत, गळ्यात हाडं, शिंगं, चांदीचे डोळे. एका पोरीने केसांत खरी पानं खोवली होती. दारात एकजण धुपाटणं फिरवत होता. मी कोपऱ्यात सुई-दोरा घेऊन बसले होते, तर एक बाई येऊन म्हणाली, तुमच्या देशात हे सगळं अजून जिवंत आहे ना, किती भाग्यवान. मी म्हटलं, वॉशरूम तिकडे आहे.

गाणी झाली. नदी, बहीण, ससा. ग्वेनचा आवाज, हे मान्य करते, पाठीच्या कण्यातून जातो. शेवटच्या गाण्याला ती कोट घालून आली, डोक्यावर हरणाची शिंगं. गाणं पीक कापण्याचं होतं. नचिकेतने सूर धरला. डगने अंगठा ओला करून ढोलाच्या कातड्यावरून घासत नेला, आणि त्यातून जो आवाज निघाला तो मला ओळखीचा होता. घुमतो तो, कण्हतो. मी लहान असताना गल्लीत पोतराज यायचे, आजोबा आत जाऊन दार लावून घ्यायचे, आणि दाराबाहेर हाच आवाज. माझ्या अंगावर काटा आला. मला स्वतःचा राग आला. इतक्या लांब, बर्फ ओलांडून यायचं आणि हे ऐकायचं.

ग्वेन फिरायला लागली. पुढून चिंध्या उडाल्या, खरंच माणूस दिसेना, वाऱ्यातलं झुडूप. वळली की पाठ. सपाट, शिवलेली, स्वच्छ. परत झुडूप. परत वाकळ. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी पाठीकडेच बघत राहिले. शिलाई सरळ होती.

कार्यक्रम संपल्यावर एक दाढीवाला ग्वेनपाशी आला. म्हणाला, कोट अप्रतिम, अर्धा रानटी आणि अर्धा माणसाळलेला, हिवाळा आणि वसंत, काय प्रतीक आहे. कोणाची कल्पना?

ग्वेनने माझ्याकडे बोट केलं.

"वेळ पुरला नाही," मी म्हटलं.

दाढीवाल्याने हे फार गंभीरपणे ऐकून घेतलं.

मी कोट घडी करायला घेतला आणि ग्वेनला म्हटलं, पाठ उद्या उसवते. ती शिंगं डोक्यावरून काढत होती. "राहू दे," म्हणाली. "पुढून आजोबांचा, पाठ आईची."

परत

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. रस्ते उघडे होते, टायर बरोबर होते, डगने कॅमलूप्सला मला सँडविच घेऊन दिलं, कडक भाकरीची भरपाई म्हणून. त्यात काकडी होती. मेडिसिन हॅट नावाचं गाव सुटल्यावर नचिकेत मागे वळला आणि म्हणाला, "ताई, खिडकी बंद करू का?" खिडकी बंदच होती.

रेजिना दिसायला लागल्यावर ग्वेन म्हणाली, कपडेपटातून सोमवारी फोन येईल. हिवाळाभर बघतील, मग पक्कं करतील. "मी त्यांना सांगेन की तू फार चांगलं शिवतेस. सांगेन, की आधी विचारायला शिकवा." नव्या कोटांचं काय, ते मी विचारलं नाही. पुढे डग म्हणाला, "ते मी शिवीन. किती अवघड असणार, फाडायचं आणि टाचायचं." अजून त्याने सुई धरलेली नाही.

तर मी आता कपडेपटात आहे. हिवाळा अजून संपलेला नाही, म्हणून मीही अजून पक्की नाही. प्राजक्ताचे कागद हललेले नाहीत. ती फोनवर विचारते, आई, तू भुतांच्या बँडमध्ये आहेस का गं. मी सांगते, अभ्यास कर.

आम्ही पोचलो तेव्हा पुष्पाताई दारात बर्फ शोव्हल करत होत्या, त्या तंबूत. बाह्यांच्या घड्या सुटून हातांवर लोंबत होत्या, फावडं धड पकडता येत नव्हतं. मी त्यांचा कोट काढून द्यायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे अंगात. तुझं सगळं पक्कं होईपर्यंत राहू दे."

मी तो रोज घालते. घालताना माप घेते, पाठ, खांदा, बाही, आता तोंडपाठ झालंय. पुष्पाताई हे वाचणार आहेत, म्हणून इथेच लिहून ठेवते. पुष्पाताई, ज्या दिवशी प्राजक्ता या दारातून आत येईल, त्या दिवशी मी तुमच्यासाठी कोट बेतायला घेईन. ताग्यातून कापलेलं नवं कापड, आत लोकरी अस्तर, कुठे जोड नाही, कुठे ठिगळ नाही, आणि बाह्या तुमच्या मनगटाशी थांबतील.